कार्यप्रणालीची मुदत संपते तेव्हा

शासकीय कारभारात संगणकाने जे स्थान मिळविले आहे, त्याचे महत्त्व आता वेगळे सांगावयास नको. सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, विविध दाखले, शिक्षकांचे वेतन, विद्यार्थ्यांची माहिती, ग्रामपंचायतीचा जमाखर्च या सर्व बाबी आज संगणकाच्या साहाय्याने हाताळल्या जातात. कार्यालयात नवा संगणक आला की त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, त्यावर क्रमांक टाकला जातो आणि तो चालेनासा होईपर्यंत वापरला जातो. टेबल, खुर्ची किंवा कपाट यांच्या बाबतीत हा व्यवहार योग्यच आहे. संगणकाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. त्याचे यंत्र धडधाकट असतानाही त्याला चालविणारी कार्यप्रणाली कालबाह्य होऊ शकते. बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही, पण आतील संरक्षण संपलेले असते.

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या कार्यप्रणालीची नियमित आधार-मुदत संपली. कार्यालये, शाळा व पंचायती यांतील अनेक संगणक याच कार्यप्रणालीवर चालत आलेले आहेत. त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. मुदत संपणे म्हणजे नेमके काय, त्यापासून कोणता धोका संभवतो आणि त्याला तोंड कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यप्रणालीचे कार्य

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामधील दुवा म्हणजे कार्यप्रणाली, म्हणजेच व्यवहारातील ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ होय. कळफलकावरील कळ दाबली की अक्षर उमटविणे, माहिती तबकडीवर साठविणे, मुद्रकाकडे कागद छापण्याची आज्ञा पाठविणे, इंटरनेटशी संपर्क साधणे आणि कोणत्या वापरकर्त्याला काय पाहू द्यावे हे ठरविणे, ही सर्व कामे ती पार पाडते. शेवटचे काम विशेष महत्त्वाचे आहे. परवलीचा शब्द विचारणारी आणि परक्याला अडविणारी पहारेकरी तीच असते.

अशी कार्यप्रणाली कोट्यवधी ओळींच्या आज्ञांची बनलेली असते. एवढ्या मोठ्या रचनेत दोष राहणे अपरिहार्य आहे. काही दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत. एखादा दोष ध्यानात आला की निर्माती कंपनी त्यावरील दुरुस्ती तयार करून सर्व वापरकर्त्यांना विनामूल्य पाठविते. यालाच आपण ‘अपडेट’ म्हणतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी साधारणतः प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्या प्रसृत करते. संगणक बंद करताना ‘अपडेट होत आहे, थांबा’ अशी सूचना दिसते, ती याच कामाची असते.

आधार थांबणे म्हणजे काय?

कोणतीही कंपनी एकाच कार्यप्रणालीची दुरुस्ती कायम करीत राहत नाही. ती किती काळ केली जाईल हे आधीच जाहीर केलेले असते. ‘विंडोज एक्सपी’ ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा आधार संपला. ‘विंडोज ७’ ही ऑक्टोबर २००९ मध्ये आली व तिची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. ‘विंडोज १०’ जुलै २०१५ मध्ये आली व तिची मुदत वर सांगितल्याप्रमाणे ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. याच दिवशी ‘ऑफिस २०१६’ व ‘ऑफिस २०१९’ या लेखनाच्या व हिशेबाच्या आज्ञावल्यांचाही आधार थांबला.

मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही तो पूर्वीप्रमाणेच सुरू होतो, पत्रे टंकलिखित होतात, कागद छापले जातात. फरक एवढाच की त्यानंतर सापडणाऱ्या नव्या दोषांवर विनामूल्य दुरुस्ती येत नाही.

येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. नवी कार्यप्रणाली बहुधा जुन्या कार्यप्रणालीच्याच पायावर उभारलेली असते. त्यामुळे पुष्कळ दोष दोहोंत सामाईक असतात. नव्या प्रणालीसाठी दुरुस्ती प्रसृत झाली की ती तपासून, मूळ दोष कोठे होता हे जाणकार हल्लेखोराला शोधून काढता येते. नव्या प्रणालीतील ते दार तोवर बंद झालेले असते. जुन्या प्रणालीतील तेच दार मात्र उघडे असते आणि त्याचा पत्ताही जगजाहीर झालेला असतो. म्हणूनच आधार संपलेल्या कार्यप्रणालीचा धोका काळ जाईल तसा वाढत जातो.

मे २०१७ चा धडा

दिनांक १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची घातक आज्ञावली जगभर पसरली. ती संगणकातील सर्व माहिती कुलूपबंद करी आणि ती सोडविण्यासाठी बिटकॉइन या आभासी चलनात ३०० ते ६०० डॉलरची खंडणी मागे. एका संगणकात शिरली की त्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकात ती आपोआप जाई. त्यासाठी कोणी एखादी फाइल उघडण्याचीही आवश्यकता नव्हती. विंडोजमध्ये फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या एका जुन्या भागातील दोषाचा तिने उपयोग करून घेतला होता. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बाधित झाल्याचा अंदाज युरोपीय पोलीस यंत्रणेने त्या वेळी वर्तविला होता.

इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेला या हल्ल्याची मोठी झळ पोहोचली. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने केलेल्या चौकशीनुसार २३६ आरोग्य न्यासांपैकी किमान ८० न्यासांच्या कामात व्यत्यय आला. रुग्णांच्या हजारो नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या आणि काही ठिकाणी अपघाती रुग्णांना अन्य रुग्णालयांत हलवावे लागले. संगणकाच्या देखभालीतील हयगयीचा परिणाम रुग्णशय्येपर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण होय.

या घटनेचे दोन पैलू आपल्याला विशेष बोधप्रद आहेत. पहिला असा की, या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या जवळजवळ दोन महिने आधी, आधार चालू असलेल्या कार्यप्रणालींसाठी प्रसृत केली होती. इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील बाधित संगणकांपैकी बहुतेक ‘विंडोज ७’ वर चालणारे होते. त्यांना आधार होता, दुरुस्तीही उपलब्ध होती, पण ती बसविण्यात आलेली नव्हती. म्हणजे केवळ नवी कार्यप्रणाली घेऊन भागत नाही, तिची देखभालही वेळच्या वेळी झाली पाहिजे.

दुसरा पैलू आर्थिक आहे. एक्सपीचा आधार संपल्यावर ब्रिटिश शासनाने २०१४ मध्ये सुमारे ५५ लाख पौंड देऊन आपल्या सार्वजनिक संस्थांसाठी एक वर्षाची वाढीव मुदत विकत घेतली होती. त्या वर्षात सर्व संस्थांनी जुनी प्रणाली सोडावी अशी अपेक्षा होती. तरीही २०१७ मध्ये आरोग्यसेवेत एक्सपीवरील काही संगणक शिल्लकच होते. विकत घेतलेला वेळ कामी लावला नाही तर खर्च झालेला पैसा आणि टळलेला निर्णय एवढेच हाती उरते.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

या प्रश्नाची झळ आपल्या राज्यालाही बसलेली आहे. वॉनाक्रायनंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा आणखी विध्वंसक हल्ला झाला. त्याने अन्य साधनांबरोबर याच दोषाचा उपयोग केला. जहाजवाहतुकीतील मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाची संगणकव्यवस्था त्यात कोलमडली आणि नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्याचे कामकाज विस्कळीत झाले. या कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणकांवर सर्व आज्ञावल्या नव्याने बसवाव्या लागल्या. परवलीचे शब्द हस्तगत करून हा हल्ला दुरुस्ती बसविलेल्या संगणकांतही शिरत असे. जाळ्यातील एक दुर्लक्षित संगणक इतरांनाही कसा धोक्यात आणतो, हे यावरून ध्यानात येईल.

दुसरे उदाहरण नियोजनाचे आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून, आधार संपलेल्या कार्यप्रणालीवर चालणारी एटीएम यंत्रे अद्ययावत करण्याचे बँकांना बंधन घातले. त्यासाठी टप्पे ठरवून दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे, असा तो क्रम होता. दरम्यानच्या काळासाठी यंत्राच्या यूएसबी खाचा बंद करणे व उपलब्ध दुरुस्त्या बसविणे असे तात्पुरते उपायही सांगितले. सर्व यंत्रे एका दिवसात बदलत नाहीत, म्हणून टप्पे ठरविणे आणि मधल्या काळातील जोखीम कमी करणे, ही पद्धत तालुका वा जिल्हा पातळीवरील कार्यालयांनाही अनुकरणीय आहे.

काही गैरसमजुती

“आमच्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय?” असा प्रश्न पुष्कळदा केला जातो. वॉनाक्रायसारखा हल्ला कार्यालयाचे नाव पाहून होत नाही. जेथे दार उघडे सापडेल तेथे तो शिरतो. शिवाय ग्रामपंचायतीच्या संगणकात करआकारणीच्या नोंदी असतात, शाळेच्या संगणकात मुलांची जन्मतारीख, जात व पालकांच्या बँक खात्यांची माहिती असते. ही माहिती नागरिकांची आहे. कार्यालय तिचे केवळ विश्वस्त होय.

“विषाणूरोधक आज्ञावली आहे, मग चिंता कशाची?” ही दुसरी समजूत. अशी आज्ञावली उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु ती मुख्यतः ओळखीच्या घातक आज्ञावल्या व संशयास्पद हालचाली टिपते. कार्यप्रणालीतील मूळ दोष ती दुरुस्त करीत नाही. भिंतीला भगदाड पडले असता दारावरचा पहारा वाढवून जेवढा उपयोग होईल, तेवढाच येथे होतो.

“आमचा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही” असेही सांगितले जाते. त्यामुळे धोका बराच कमी होतो हे खरे, पण त्या संगणकात पेन ड्राइव्ह घातला जात असेल तर तो निःशेष होत नाही. २००८ च्या अखेरीस पसरलेली ‘कॉन्फिकर’ ही घातक आज्ञावली जाळ्यातून तशीच पेन ड्राइव्हमधूनही फैलावली होती.

उपलब्ध पर्याय

‘विंडोज १०’ वापरणाऱ्यांपुढे आज चार मार्ग आहेत.

(१) विंडोज ११ वर स्थलांतर : संगणक पात्र असल्यास हे स्थलांतर विनामूल्य होते. त्यासाठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था, सुरक्षित प्रारंभाची सोय, किमान ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठवण लागते. प्रक्रियकही कंपनीच्या मान्य यादीतील असावा लागतो. साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढील प्रक्रियक या यादीत येतात. अट पूर्ण न करणाऱ्या संगणकावर आडमार्गाने नवी प्रणाली बसविणे कार्यालयीन वापरासाठी योग्य नाही, कारण तिला पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी नसते.

(२) वाढीव सुरक्षा-मुदत : व्यक्तिगत वापराच्या संगणकांसाठी ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठेवण्यात आली. संस्थांसाठी ती कमाल तीन वर्षांची आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकास ६१ डॉलर हा दर जाहीर झाला व तो दरवर्षी दुप्पट होतो. शैक्षणिक संस्थांना मात्र पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन व तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा अत्यल्प दर ठेवला आहे. ज्या शाळांना संगणक लगेच बदलणे शक्य नाही त्यांनी या सवलतीची चौकशी अवश्य करावी. हा काळ मात्र तयारीसाठी वापरला पाहिजे.

(३) मुक्त कार्यप्रणालीचा स्वीकार : लिनक्सवर आधारित कार्यप्रणाल्या विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रांवरही चांगल्या चालतात. पुणे येथे मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी कार्यप्रणाली विकसित केली आहे. केरळ राज्याने शालेय संगणकशिक्षणात मुक्त आज्ञावल्यांचा वापर दीर्घकाळ यशस्वीपणे चालविला आहे. शाळेच्या संगणककक्षासाठी हा मार्ग विशेष विचारणीय होय. कार्यालयात मात्र अंकित स्वाक्षरीचे साधन, बोटांचे ठसे घेणारे यंत्र व विशिष्ट आज्ञावल्या त्यावर चालतात की नाही, हे आधी एका संगणकावर पडताळून पाहावे. मुक्त प्रणालीच्या आवृत्त्यांनाही मुदत असतेच, हेही विसरू नये.

(४) नवीन संगणकाची खरेदी : हा सर्वांत खर्चाचा मार्ग असल्याने पहिले तीन मार्ग तपासल्यावरच तो अवलंबावा. खरेदी करताना किमतीबरोबर कार्यप्रणालीच्या आधाराची उर्वरित मुदत किती आहे, हेही पाहिले पाहिजे.

स्थलांतराची पूर्वतयारी

पहिले काम मोजदादीचे आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ व ‘आर’ ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द रोमन लिपीत लिहिला की संगणकावरील कार्यप्रणालीची आवृत्ती समजते. ‘पीसी हेल्थ चेक’ या कंपनीच्या मोफत आज्ञावलीने तो विंडोज ११ साठी पात्र आहे काय हे कळते. प्रत्येक संगणकासमोर आवृत्ती, खरेदीचे वर्ष, त्यावर चालणारे काम, जोडलेली उपकरणे आणि आधाराची अंतिम तारीख अशी नोंद करावी. जडवस्तू संग्रह नोंदवहीबरोबर असा एक तक्ता ठेवला तर पुढील अंदाजपत्रकात तरतूद करणे सुलभ होते.

दुसरे काम माहितीच्या प्रती काढण्याचे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत कार्यालयाबाहेर असावी, हा सर्वमान्य नियम आहे. संगणकाला कायम जोडून ठेवलेली तबकडी ही सुरक्षित प्रत नव्हे, कारण खंडणीखोर आज्ञावली तिलाही कुलूप लावते. काढलेली प्रत उघडून पाहणे हेही तितकेच आवश्यक आहे.

तिसरी बाब खास मराठी कार्यालयांची आहे. जुन्या काळात अनेक कार्यालयांत युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट वापरले जात. त्या पद्धतीत संगणक प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवितो व केवळ फॉन्टच्या आकारामुळे ते देवनागरी दिसतात. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर ग्रामसभेचे ठराव व जुना पत्रव्यवहार निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसू लागतो. म्हणून असे दस्तऐवज जुना संगणक चालू असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत, रूपांतर मूळ प्रतीशी ताडून पाहावे आणि महत्त्वाच्या कागदांची छापील वा पीडीएफ प्रतही जपावी. जोडाक्षरे व रफार यांत चुका होण्याचा संभव अधिक असल्याने नावे व गट क्रमांक विशेष काळजीने तपासावेत.

चौथे काम चाचणीचे. सर्व संगणक एकदम न बदलता प्रथम एका संगणकावर नवी प्रणाली बसवून मुद्रक, ठसे घेणारे यंत्र, वेतन व हिशेबाच्या आज्ञावल्या चालवून पाहाव्यात. महिनाअखेर, मार्चअखेर व परीक्षांचा काळ या कामासाठी टाळावा. कर्मचाऱ्यांना दोन-तीन तासांचे प्रशिक्षण दिले तरी पुढील पुष्कळ अडचणी टळतात.

अखेरचे काम जुन्या संगणकाच्या निर्लेखनाचे. फाइल खोडली म्हणजे माहिती नष्ट झाली असे नाही, ती पुन्हा मिळविता येते. म्हणून तबकडी पूर्णपणे पुसून किंवा नष्ट करूनच यंत्र बाहेर द्यावे. ते भंगारवाल्याकडे न देता, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवावे.

तोपर्यंत काय करावे?

बदलास काही महिने लागणार असतील तर आधार संपलेला संगणक इंटरनेटपासून व कार्यालयीन जाळ्यापासून शक्य तितका अलग ठेवावा. त्यावर बँकेचे व्यवहार, ई-मेल व अंकित स्वाक्षरी करू नये. बाहेरचा पेन ड्राइव्ह घालू नये. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते वापरू नये. हल्ला झाल्याची शंका आल्यास संगणकाचा जाळ्याशी असलेला संबंध तत्काळ तोडावा व वरिष्ठांना कळवावे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी निर्देशांत नमूद केलेल्या सायबर घटना निदर्शनास आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब संपर्क साधावा.

जबाबदारी कोणाची?

हे सर्व काम संगणकचालकाचे आहे असे समजून भागणार नाही. संगणकचालक धोका दाखवून देऊ शकतो, पण तरतूद करणे हे सरपंच व ग्रामसेवक, मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती, कार्यालयप्रमुख व लेखाशाखा यांचेच काम आहे. मुदतीची तारीख दहा-दहा वर्षे आधी माहीत असते. पावसाळ्यापूर्वी शाळेचे छप्पर तपासले जाते, त्याच नियमाने वर्षातून एकदा संगणकांचा तक्ता मासिक सभेपुढे ठेवला तर ऐनवेळची धावपळ टळेल.

एखाद्या वृद्धेला निवृत्तिवेतनासाठी दाखला हवा असतो, एखाद्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीची अंतिम तारीख गाठायची असते. त्या दिवशी संगणक कुलूपबंद असेल तर त्याचे कारण मुदत संपलेली कार्यप्रणाली होते की न बसविलेली दुरुस्ती, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. त्यांचे काम अडते एवढे खरे. ते अडू नये यासाठी पहिले पाऊल अगदी साधे आहे. आपल्या कार्यालयातील प्रत्येक संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे व तिची मुदत केव्हा संपते, याची यादी या महिन्याच्या आतच तयार करावी.